स्वस्त कॅमेऱ्यानं बर्फ मोजायचा, तर आधी खांब पक्का करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका हिमनदीचं टोक आणि त्याच्या पायथ्याशी साचलेलं तळं, दोन्हींवर दोन वर्षं नजर ठेवायची आहे. पैसे जेमतेम एका चांगल्या डीएसएलआर कॅमेऱ्यापुरते. सामान पाठीवर वाहून न्यायचं आणि पुन्हा तिथे जाणं वर्षातून एकदा, फार तर दोनदा. मग रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या संगणकावर चालणारा छोटा कॅमेरा बसवावा, जंगलात प्राणी टिपायला वापरतात तो ट्रेल कॅमेरा घ्यावा, ड्रोन घ्यावा, की मोबाइलला जोडायचा, तापमान टिपणारा थर्मल कॅमेरा? आणि यांत सगळ्यात अचूक कोणता?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच चुकीच्या दिशेला नेतो. कॅमेरा फक्त कोन टिपतो. त्या कोनाचे मीटर आणि सेंटिमीटर करायला कॅमेरा कुठे उभा होता, नेमका कुठे बघत होता आणि तेव्हा किती वाजले होते, हे माहीत असावं लागतं. महागड्या कॅमेऱ्यालाही ही माहिती तुम्हीच पुरवायची असते. मी बरीच वर्षं हिमनद्यांजवळ आणि गोठणाऱ्या तळ्यांकाठी असे कॅमेरे लावत आलो आहे. वाया गेलेले हंगाम आठवले तर सेन्सर हलक्या प्रतीचा होता म्हणून एकही वाया गेलेला नाही. खांब कलला, घड्याळ चुकलं, बॅटरी बसली, काचेवर हिम साचलं, अशीच कारणं निघतात. म्हणून तुमचे निम्म्याहून जास्त पैसे कॅमेऱ्याच्या आजूबाजूच्या गोष्टींवर जाऊ द्या. नाकापेक्षा मोती जड झाल्यासारखं वाटेल, पण या कामात ते तसंच असतं.

त्याआधी एक फुकटची तपासणी. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, त्यांचा पिक्सेल दहा मीटरचा असतो आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा दिसते. हिमनदीचं टोक वर्षाला पन्नास मीटर मागे सरकतंय का, तळं दरवर्षी पसरतंय का, एवढंच हवं असेल तर डोंगर चढायची गरज नाही, घरी बसून उत्तर मिळेल. ढगांमागे दडलेला हंगाम, दिवसाला दहा-वीस सेंटिमीटरची हालचाल, बर्फाच्या उभ्या कड्याचा चेहरा किंवा पाण्याच्या पातळीतली फूटभर वाढ पाहायची असेल, तेव्हाच जमिनीवरचा कॅमेरा कामाचा.

आता जरा आकडेमोड. ती खरेदीच्या आधी कागदावर करायची असते, पण बहुतेक लोक खरेदीनंतर करतात. रास्पबेरी पायच्या ‘हाय क्वालिटी’ कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स४७७ सेन्सर असतो. १.५५ मायक्रॉनचा पिक्सेल, एकूण १२.३ मेगापिक्सेल. त्याला १६ मिलिमीटरची लेन्स लावली आणि बर्फ एक किलोमीटरवर असला, तर एक पिक्सेल जमिनीवरचे जवळजवळ दहा सेंटिमीटर दाखवतो आणि चौकटीत सुमारे ३९० मीटर रुंदीचा पट्टा मावतो. हिशोब सोपा आहे: पिक्सेलचा आकार गुणिले अंतर, भागिले लेन्सची फोकल लांबी. समजा हिमनदी दिवसाला दहा सेंटिमीटर सरकते, म्हणजे चित्रात रोज एक पिक्सेल. सॉफ्टवेअर चांगल्या उजेडात पिक्सेलच्या काही दशांशांपर्यंत सरक ओळखतं, पण बर्फावर मी अर्ध्या पिक्सेलपेक्षा बारीक सरकेवर भरवसा ठेवत नाही. त्यामुळे रोजचा वेग काढायच्या भानगडीत पडू नका, आठवड्याच्या अंतराचे फोटो जुळवा. सात पिक्सेलच्या सरकेत अर्ध्या पिक्सेलची चूक चालून जाते. ही सगळी सरक चित्राच्या प्रतलातली, म्हणजे कॅमेऱ्यासमोरून आडवी जाणारी. हिमनदी थेट तुमच्याकडे येत असेल तर एका कॅमेऱ्याला तिचा वेग जवळजवळ कळतच नाही. जागा निवडताना बाजूचा उतार शोधायचा तो यासाठी.

याच हिशोबाची दुसरी बाजू झोप उडवणारी आहे. त्या लेन्सवर एक पिक्सेल म्हणजे ०.००५६ अंश. दहा सेंटिमीटर लांबीच्या डब्याचं एक टोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं हललं की सगळं चित्र एक पिक्सेल सरकलं. सकाळी खांबाच्या एका बाजूला ऊन लागलं की तो याहून जास्त वाकतो. वारा, खाली गोठून फुगणारी माती, डब्याचे ढिले होणारे स्क्रू यांची तर गोष्टच सोडा. तेव्हा कॅमेरा हलणार, हे गृहीतच धरा आणि चौकटीत न हलणारं काहीतरी ठेवा. हिमनदीपलीकडचा खडकाळ कडा, काठावरचे मोठे पक्के दगड, दूरचा सुळका, काहीही चालेल. चौकटीचा निदान चौथा भाग असा खडकाचा असावा आणि तो एकाच कोपऱ्यात नसावा. प्रत्येक फोटो आधी या खडकांवर जुळवायचा आणि मगच बर्फाकडे बघायचं. चौकट सुंदर दिसावी म्हणून पूर्ण बर्फानं भरलेले फोटो घेऊन लोक येतात. त्यातून मोजमाप काढून द्या म्हणतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे नवं शहाणपण नाही. जर्मन गणितज्ञ सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी १८८९ मध्ये आल्प्समधल्या फेरनाग्ट हिमनदीचा नकाशा जमिनीवरून काढलेल्या छायाचित्रांच्या आधारे केला, तेव्हा काचेच्या प्लेटा होत्या आणि हिशोब हातानं करायचा होता. आधार तोच, ठाऊक असलेल्या जागांवरून फोटो आणि त्यात ठाऊक असलेले स्थिर बिंदू. गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांनी १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या रोंगबुक हिमनदीचे फोटो काढले. गिर्यारोहक आणि छायाचित्रकार डेव्हिड ब्रेशर्स यांनी २००७ मध्ये तीच जागा शोधून पुन्हा फोटो घेतला आणि मधल्या काळात किती बर्फ गेला ते कोणालाही दिसावं असं समोर आलं. उभं राहायची जागा चार-पाच मीटर चुकली असती तर जवळचे आणि दूरचे दगड एकमेकांवर बसलेच नसते. तुमची जागाही अशी नोंदवून ठेवा की वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला तिथेच उभं राहता येईल.

कॅमेरा कोणता, यावर माझं मत एकेका गोष्टीवर सांगतो.

ट्रेल कॅमेरा हा पर्यायांमधला सगळ्यात बिनडोक आणि म्हणून सगळ्यात भरवशाचा. पाणी जात नाही, बॅटरी महिनोन्महिने चालते, बटण दाबून विसरता येतं. त्याचे दोष असे की फोटो दाबून छोटी केलेली जेपीईजी फाइल असते, एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, हाताळता येत नाही, लेन्स बरीच रुंद कोनाची असते आणि त्याच्या अवरक्त दिव्यांचा रात्रीचा उजेड वीस-तीस मीटरपलीकडे पोचत नाही. शिवाय हिम पडत असेल तर तोच उजेड समोरच्या भुरभुरीवरून परत येतो आणि फोटो पांढरा फटक. वेग मोजायला तो कामाचा नाही. पण दहा मीटरवरचा खुणा केलेला खांब वाचायला यापेक्षा चांगलं काही नाही. वर पडलेल्या भुसभुशीत हिमाची खोली आणि खालच्या घट्ट बर्फाचं वितळणं दोन्ही अशा खांबावर दिसतं. स्वित्झर्लंडमधल्या ऱ्होन आणि फिंडेल हिमनद्यांवर २०१९ च्या उन्हाळ्यात रंगीत पट्ट्या चिकटवलेले खांब बर्फात रोवून त्यांच्यासमोर साधे कॅमेरे लावले होते. ते फोटो मोबाइल नेटवर्कवरून येत आणि वितळण्याचं रोजचं वाचन मिळत असे. खांबावर दर दहा सेंटिमीटरला वेगळा रंग द्या आणि रंगांचा क्रम कुठेही पुन्हा येऊ देऊ नका. तळाचा भाग हिमात बुडाला की आकडे दिसत नाहीत, पण वरून कोणता रंग दिसतोय यावरून खोली कळते. खांब पांढरा घ्या. गडद रंगाचा धातू उन्हात तापतो आणि आजूबाजूचा बर्फ वितळवून स्वतःभोवती खड्डा करतो, मग तुम्ही हिमनदीचं नाही, खांबाचं वितळणं मोजत बसता. एवढंच लक्षात असू द्या की फोटोतून उंची मिळते, वजन नाही. एक मीटर बर्फ गेला तर साधारण ०.९ मीटर पाणी गेलं असं धरता येतं. हिमाची घनता मात्र ताजं असताना घनमीटरला शंभर किलोच्या आसपास आणि हंगामाच्या शेवटी चारशे-पाचशेपर्यंत जाते, त्यामुळे हिमाच्या खोलीवरून पाणी काढायचं तर एकदा तरी खणून वजन करावं लागतं.

रास्पबेरी पाय मला तुमच्या मुख्य कामासाठी योग्य वाटतो, कारण त्यात लेन्स बदलता येते, एक्स्पोजर ठरवता येतं आणि कच्ची, म्हणजे रॉ फाइल साठवता येते. पण तो कॅमेऱ्याइतका समजूतदार नाही, तो एक छोटा संगणक आहे. बंद केल्याशिवाय झोपत नाही आणि जुन्या मॉडेलांत घड्याळच नसतं. हे मी किंमत मोजून शिकलो. एका ठिकाणी तासातासाला वीज देणारा साधा टायमर लावला होता. पाय जागा व्हायचा, फोटो काढायचा, बंद पडायचा. नेटवर्क नसलं की त्याचं घड्याळ मागच्या वेळी बंद होताना जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. तीन महिन्यांनी कार्ड काढलं तर सगळे फोटो एका दिवसात काढल्यासारखे! थंडीत टायमरही मागेपुढे होत होता, त्यामुळे फोटो मोजून तास काढणंही अवघड. शेवटी काळे फोटो उपयोगी पडले. अंधाराचा प्रत्येक सलग पट्टा म्हणजे एक रात्र, अशा रात्री मोजत दिवस लावले आणि खडकांच्या सावल्यांवरून दुपार शोधली. आठवडाभर तेच केलं. तेव्हापासून डीएस३२३१ हे तापमानानुसार स्वतःला सावरणारं घड्याळ लावल्याशिवाय मी कुठलीच पेटी पाठवत नाही. उणे ४० अंशांपर्यंत त्याची चूक दशलक्षात साडेतीन भाग, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या आत. आणि रात्रीचे काळे फोटो काढूच द्यावेत असंही तेव्हापासून वाटतं, निदान मध्यरात्रीचा एक.

ईएसपी३२-कॅम हा त्याहून स्वस्त बोर्ड. सोबत येणारा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा असतो. समोरच्या खांबाचं वाचन पाठवायला ठीक, हिमनदीच्या चेहऱ्यासाठी नको.

विजेचा हिशोब असा करतो. छोटा रास्पबेरी पाय चालू असताना साधारण दीड वॅट खातो असं धरू. तासाला एक मिनिट जागा राहिला तर दिवसाला ०.६ वॅट-तास. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते, कडक थंडीत त्याच्या निम्मीच धरा. म्हणजे ऊन अजिबात न मिळता सत्तर दिवस, तेही टायमरचा स्वतःचा खर्च नगण्य असेल तर. ध्रुवीय रात्र किंवा खोल दरीतला हिवाळा यात बसतो का ते तुम्ही बघा. ही बॅटरी जड असते, पण तिचा एक मोठा गुण आहे, थंडीत ती सावकाश का होईना चार्ज होते. साध्या लिथियम-आयन बॅटरीला शून्याखाली चार्ज केलं की आतल्या पट्टीवर धातुरूप लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते, पुढे धोकादायकही होते. मोबाइलची पॉवर बँक सोलर पॅनलला जोडून बर्फात ठेवायची कल्पना म्हणूनच सोडून द्या. शिसे-आम्लाच्या बॅटरीचीही एक गोम आहे. पूर्ण भरलेली असेपर्यंत तिच्यातलं आम्ल गोठत नाही, पण पूर्ण रिकामी झाली की शून्याच्या थोडं खालीच गोठून डबा फुटतो. त्यामुळे व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेलं की सगळं बंद करणारं सर्किट हवंच. ट्रेल कॅमेऱ्यात मात्र एकदाच वापरायच्या लिथियमच्या एए बॅटऱ्या घाला, त्या उणे ४० अंशांपर्यंत चालतात. अल्कलाइन सेल उणे दहालाच माना टाकतात. सोलर पॅनल जवळजवळ उभा लावा. हिवाळ्याचा खालचा सूर्य त्यावर सरळ पडतो, हिमावरून परावर्तित उजेडही मिळतो आणि हिम साचत नाही.

डब्याबद्दल जास्त सांगत नाही. लेन्स काचेला जितकी जवळ तितकं बरं, वरून टोपीसारखा पत्रा, काच किंचित खाली झुकलेली, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल. स्वच्छ रात्री उघडं आकाश काचेतली उष्णता खेचून घेतं आणि तिच्यावर हिमकणांची बुरशी चढते, टोपी तेही काही अंशी रोखते. वायरी धातूच्या नळीतून न्या. कोल्हे, उंदीर, कावळ्यांच्या जातीचे पक्षी यांना रबर का आवडतं देव जाणे, पण आवडतं. आणि कॅमेरा थंडीतून उबदार तंबूत आणताना हवाबंद पिशवीत बंद करून आणा आणि तो गरम झाल्यावरच पिशवी उघडा, नाहीतर लेन्सच्या आतल्या बाजूलाही पाणी धरतं.

एक्स्पोजर हा वेगळा विषय आहे आणि इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. ताजं हिम तर त्यावर पडणाऱ्या दृश्य उजेडातला नव्वद टक्के परत पाठवतं. म्हणून आपोआप काढलेला हिमाचा फोटो मळकट दिसतो आणि फोटोग्राफीची पुस्तकं एक-दोन स्टॉप, म्हणजे दुप्पट-चौपट, उजेड वाढवा म्हणतात. डोळ्यांना सुखावणारा फोटो हवा असेल तर जरूर वाढवा. मोजमापासाठी वाढवू नका. हिमावरच्या बारीक सुरकुत्या, वाऱ्याच्या रेघा, धुळीचे डाग या सगळ्यांचा सॉफ्टवेअरला आधार असतो आणि त्या उजळ टोकालाच असतात. तिथे सेन्सर एकदा भरून पांढरा झाला की त्या परत येत नाहीत. खडक काळपट आले तरी रॉ फाइलमधून उचलता येतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, दिवसाच्या उजेडावर कायमचा ठेवा, ऑटोफोकस बंद करा आणि फोकसचं कडं चिकटपट्टीनं नाही, स्क्रूनं आवळा, कारण थंडीत चिकटपट्टी सुटते. कार्डाच्या जागेची चिंता करू नका. या सेन्सरची रॉ फाइल सुमारे १८ मेगाबाइटची असते, दिवसाला बारा फोटो काढले तर वर्षाचे ८० गिगाबाइटच्या आत.

सपाट ढगाळ उजेडात ताजं हिम म्हणजे कोरा कागद, त्यात जुळवायला काहीच नसतं. तेव्हा दोन युक्त्या चालतात. एक म्हणजे सूर्य खाली असतानाचे फोटो वापरायचे, कारण तेव्हा प्रत्येक उंचवट्याला सावली असते. मात्र तुलना त्याच वेळेच्या फोटोशीच करायची, नाहीतर सॉफ्टवेअर सावलीची हालचाल बर्फाची म्हणून सांगतं. दुसरी युक्ती निकट-अवरक्त, म्हणजे लाल रंगाच्या लगेच पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची. स्वस्त कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर अवरक्त अडवणारी काच असते. ती नसलेले कॅमेरेही तितक्याच किमतीला मिळतात. त्यावर दृश्य उजेड अडवणारा फिल्टर लावला की हिम एकसारखं पांढरं दिसत नाही. दृश्य उजेडात हिमाच्या कणांच्या आकारानं फारसा फरक पडत नाही, पण निकट-अवरक्तात कण मोठे होतील तसं हिम गडद होत जातं. जुनं, ओलं, गोठून जाड झालेलं हिम ताज्यापासून वेगळं उठून दिसतं. हिमात खड्डा खणून त्याच्या भिंतीचा असा फोटो घेतला तर थर पट्ट्यांसारखे दिसतात. मॅट्झल आणि श्नेबेली या हिमसंशोधकांनी २००६ मध्ये अशा फोटोंवरून हिमकणांचं विशिष्ट पृष्ठफळ, म्हणजे वजनाच्या मानानं पृष्ठभाग किती ते, काढायची पद्धत मांडली. त्यासाठी चौकटीत ठाऊक परावर्तनाचे फलक ठेवावे लागतात, नुसता फोटो पुरत नाही.

थर्मल कॅमेऱ्याचा मोह मी समजू शकतो. रंगीत चित्रं बघून सगळं कळल्यासारखं वाटतं. मोबाइलला लागणारे बरेच छोटे थर्मल कॅमेरे १६० गुणिले १२० पिक्सेलचे किंवा त्याहून कमी असतात आणि तापमानात पाच अंशांपर्यंत चुकू शकतात. शून्याच्या आसपासच्या कामात पाच अंश म्हणजे सगळंच गेलं. पण निसर्गानं इथे एक सोय करून ठेवली आहे: वितळणारं हिम शून्य अंशाच्या वर जात नाही. बादलीत हिम आणि पाण्याचा लगदा करून चौकटीत ठेवा आणि प्रत्येक चित्रातून त्याचं वाचन वजा करा. स्वस्त कॅमेरा त्या एका बादलीमुळे कामाचा होतो. असा कॅमेरा काचेमागे ठेवता येत नाही, कारण साधी काच त्या लहरी अडवते. पातळ पॉलिथिनचा कागद चालतो. थर्मल कॅमेरा खरा उपयोगी पडतो दगडमातीनं झाकलेल्या हिमनदीवर. पातळ धूळ बर्फ जास्त वितळवते, जाड थर मात्र पांघरुणासारखा झाकून ठेवतो, हे हिमनद्यांचे अभ्यासक ओस्त्रेम यांनी १९५९ मध्ये मोजून दाखवलं. उन्हाच्या दिवशी दुपारी जाड थराचा पृष्ठभाग तापलेला दिसतो, पातळ थर थंड आणि उघडे बर्फकडे शून्यावर. एका दुपारच्या फेरीत कुठे खणून मोजायचं ते कळतं. तळ्याचं तापमान मात्र त्यावरून सांगू नका, त्याला पाण्याची फक्त वरची कातडी दिसते.

ड्रोन पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरवर हवा सपाटीच्या साठ टक्केच दाट असते, पंख्यांना जास्त मेहनत पडते, त्यात थंडीनं बॅटरी निम्म्यावर येते. शिवाय परवानग्या. तरी ड्रोन जे देतो ते दुसरं काही देत नाही, हे कबूल. नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातल्या लिरुंग हिमनदीवर २०१३ च्या मे आणि ऑक्टोबरमध्ये ड्रोन उडवून दोन नकाशे केले गेले. दगडांनी झाकलेली हिमनदी एकसारखी वितळत नाही, बर्फाचे उघडे कडे आणि छोटी तळी यांच्याजवळ वितळणं कितीतरी जास्त असतं, हे त्यातून स्पष्ट दिसलं. वर्षातून दोन भेटींचं तुमचं वेळापत्रक अशा कामाला नेमकं जुळतं, तेव्हा दुसऱ्या वर्षी कुणाकडून तरी मागून आणा. तोपर्यंत हातातल्या मोबाइलनं तेच काम लहान प्रमाणावर करता येतं. बर्फकड्यासमोर अर्धवर्तुळात चालत, प्रत्येक फोटो आधीच्यावर सत्तर-ऐंशी टक्के चढेल असे शंभरेक फोटो काढा, काही थोडे तिरके आणि काही वेगवेगळ्या अंतरांवरून. सगळे फोटो एकाच दिशेनं घेतले तर सॉफ्टवेअरनं त्यांतून बांधलेलं त्रिमितीय रूप बशीसारखं वाकतं आणि ती वाकण मग बर्फाचं वितळणं म्हणून छापून येते. चार-पाच दगडांवर रंगाच्या खुणा करून त्यांच्यातली अंतरं टेपनं मोजा. नव्या काही मोबाइलमध्ये लेसरनं अंतर मोजणारं लायडार असतं, पण त्याचा पल्ला पाचेक मीटरचा. खड्ड्याची भिंत किंवा पृष्ठभागाचा खडबडीतपणा टिपायला छान, कड्यासाठी नाही.

दोन रास्पबेरी पाय कॅमेरे घेता आले तर मात्र गोष्ट बदलते. एक किलोमीटरवरच्या कड्यासमोर ते एकमेकांपासून शंभर मीटरवर लावले आणि जुळवणी अर्ध्या पिक्सेलची धरली, तर कॅमेऱ्यापासूनच्या अंतरातली चूक अर्ध्या मीटरच्या जवळ येते. तळ्यात कोसळणाऱ्या बर्फकड्यासाठी हे भरपूर झालं. म्हणून माझी यादी अशी: दोन पाय कॅमेरे सारख्याच लेन्सचे, एक ट्रेल कॅमेरा रंगीत खांबासमोर, दोन चांगली घड्याळं, दोन बॅटऱ्या, आणि पक्क्या खडकात छिद्र पाडून बसवायचे पोलादी बोल्ट. खांब मातीत किंवा हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या ढिगात रोवू नका. त्या ढिगाच्या पोटातही बऱ्याचदा बर्फ असतो आणि तो वितळला की ढीग बसतो.

तळ्याबद्दल एक इशारा. यातलं काहीही धोक्याची सूचना देणारी यंत्रणा नाही. सिक्कीममधलं साउथ लोनाक तळं ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री फुटलं. तासाला एक फोटो काढणाऱ्या, कार्डावर साठवणाऱ्या कॅमेऱ्यात असा प्रसंग आधी आणि नंतर असा दोन चित्रांत दिसेल, तोही काही महिन्यांनी. खाली वस्ती असेल तर पाण्याची पातळी सतत मोजून लगेच कळवणारं वेगळं यंत्र लागतं आणि त्याची जबाबदारी घेणारी माणसंही. तुमच्या कॅमेऱ्याच्या भरवशावर कुणी निर्धास्त झोपू नये, हे गावकऱ्यांना आणि तिथल्या अधिकाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगा.

निघण्यापूर्वी सगळी जुळणी घरच्या फ्रीजरमध्ये तीन दिवस ठेवा. उणे अठरा अंश ही काही हिमनदीची थंडी नव्हे, तरी निम्मे बिघाड तिथेच उघड होतात. बुद्धिबळाच्या पटासारख्या छापील कागदाचे वीसेक फोटो प्रत्येक लेन्सनं काढून ठेवा, लेन्सचा वाकडेपणा काढायला ते लागतात आणि जागेवर गेल्यावर कोणी काढत नाही. तिथे बसवून झाल्यावर पहिले दोन तासांचे फोटो तिथेच लॅपटॉपवर उघडून बघा, नुसता दिवा लुकलुकतोय यावर समाधान मानू नका. मग अचूक वेळ दाखवणारं जीपीएस प्रत्येक कॅमेऱ्यासमोर धरून एक फोटो, बोल्टचा जवळून एक आणि मागच्या डोंगरासकट खांबाचा दुरून एक. वहीत कॅमेऱ्याची उंची, दिशा आणि लेन्सचा क्रमांक पेन्सिलीनं लिहा. पेन तिथे चालत नाही.